बिरूमामांचं शास्त्र

बिरूमामांच्या मते चौफुल्यापासून न्हावऱ्यापर्यंत पृथ्वीची ओढ जरा कमी आहे, म्हणून त्या पट्ट्यात कंपनीच्या बसमधली माणसं सीटवरून वर उडतात. मी त्या बसमध्ये पहिल्यांदा चढलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मी मागच्या सीटवर बसलो आणि न्हावरं यायच्या आत डोकं छताला लावून आलो. डिप्लोमा ताजा होता, गळ्यात नवं ओळखपत्र लटकत होतं. मी चारचौघांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो, "रस्त्याला खड्डे आहेत ना, त्यामुळं."

पुढच्या सीटवरची एक कानटोपी सावकाश माझ्याकडं वळली.

"खड्डा कुठं असतो?"

"खाली."

"आन् तू कुठं गेलतास?"

"वर."

"मग खड्ड्याचा काय संबंध? खड्ड्यानं माणूस खाली जायला पायजे. तू वर गेलास म्हंजी वढ कमी पडली. हे बघ, साधं हाय. ह्या पट्ट्यात बोअर किती? मोजदाद न्हाई. रातंदिस पाणी उपसून पृथ्वी आतनं पोकळ झालीय. पोकळ वस्तू वढून वढून किती वढणार?"

बसमध्ये कुणी हसलं नाही. मामा शास्त्र सांगत असताना हसायचं नाही ही त्या बसची शिस्त होती, आणि ती मला माहीत नव्हती. मी खिडकीबाहेरचा ऊस बघत, भूजल आणि गुरुत्वाकर्षण यांचा खरोखर विचार करत रांजणगावपर्यंत गेलो. उतरताना मामांना गाठून म्हणालो, "पण मामा, उपसा तर इंदापूरकडंही आहे. तिकडं माणसं उडत नाहीत."

तेव्हा अख्खी बस हसली. ड्रायव्हरनं तर स्टिअरिंगवर डोकं टेकलं. त्या दिवसापासून सगळे मला 'इंजिनेर' म्हणायला लागले. कौतुकानं नाही.

मामा खुटबावचे. त्यांचे वडील मेंढरं घेऊन दिवाळीनंतर घाट उतरायचे. मामांच्या वेळेपर्यंत घर एका जागी बसलं होतं, मेंढरांच्या जागी ऊस आला होता, आणि मामा पहाटे मोटारसायकलवर यवतला येऊन आमच्यासारखीच कंपनीची बस धरत होते. बारावी सायन्स त्यांनी अर्ध्यात सोडलेलं. "अर्धं मास्तरांनी शिकवलं, ऱ्हायलेलं मी सोताच बसवलं," असं सांगायचे. हेल्पर म्हणून लागले आणि चढत चढत प्रेस शॉपचे सुपरवायझर झाले. पत्र्यावर वरून दाब टाकून त्याला आकार देणारं अवजड मशीन म्हणजे प्रेस. अशा प्रेसची तिथं रांगच आहे. दिवसभर धडधड चालते आणि माणसाला साधं 'पाणी दे' सुद्धा ओरडून सांगावं लागतं. मामा मात्र ओरडत नसत. ते कानाशी येऊन हळू बोलत, त्यामुळं त्यांचं कुठलंही म्हणणं गुपितासारखं वाटे आणि खरंही वाटे.

शास्त्र सांगण्याआधी ते चष्मा काढून कानटोपीच्या टोकानं पुसायचे. उन्हाळ्यात कानटोपी नसे, तेव्हा शेजारच्याच्या शर्टानं पुसायचे. चेहऱ्यावर हसू औषधालाही नाही. मध्येच कुणाच्या तोंडून फिसकन आवाज आला तर थांबायचे आणि म्हणायचे, "हवा हालली. आता पयल्यापास्नं सांगावं लागंल." आणि खरोखर पहिल्यापासून सांगायचे.

माझी बस वरचेवर चुकायची. मग मी हायवेला हात करत, कांद्याच्या टेम्पोत बसून, अंगाला वास घेऊन कंपनीत पोचायचो. एकदा गेटवरच्या वॉचमननं मला अडवून धरलं. उशीर झालेल्या माणसानं जे करू नये ते मी केलं, म्हणजे त्याच्याशी कायद्यानं बोलायला गेलो. तो आणखी चिडला. तेवढ्यात आतून मामा आले, त्यांनी वॉचमनच्याच शर्टाला चष्मा पुसला आणि त्याला समजावून सांगितलं.

"हे बघ दादा, साधं हाय. गरम झाली की वस्तू पसरती, गार झाली की आकसती. मिनिटाचं बी तसंच. ह्याच्या घरात गोधडीखाली ऊब. तिथलं मिनिट हे एवढं." त्यांनी दोन्ही हात फाकवले. "थांब्यावर गारठा. तिथलं मिनिट एवढंच." चिमूट दाखवली. "हा घरातल्या मापानं थांब म्हणतो, डायवर थांब्यावरच्या मापानं थांबतो. गाठ पडणार कशी? ह्यात पोराची काय चूक?"

वॉचमन बिचारा बिहारकडचा होता. त्याला त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक, पण त्यानं गंभीरपणे मान हलवली आणि मला आत सोडलं. आत जाता जाता मी मामांना विचारलं, "मग उन्हाळ्यात माझी बस का चुकते?"

"उन्हाळ्यात तू आळशी असतोस. त्याला शास्त्र लागत न्हाई."

असाच दुसरा एक प्रसंग. आमचा माल घेणाऱ्या कंपनीचे दोन पाहुणे पाहणीला आले होते आणि त्यांना कॅन्टीनमध्ये जेवायला नेण्याची जबाबदारी माझ्याकडं होती. मी पुढं पुढं करत स्वतःच आमटीचं भांडं उचललं. ते माझ्या हातून कसं निसटलं हे अजून मला नीट सांगता येत नाही. एवढंच सांगता येतं की त्यातल्या मोठ्या पाहुण्याचा शर्ट पांढरा होता. कॅन्टीनमध्ये वाढप्याचा डावसुद्धा वाजेनासा झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायची की शर्ट पुसायचा हे न ठरल्यामुळं मी हात जोडून त्याच हातांनी शर्ट पुसायला लागलो.

मामा ओलं फडकं घेऊन आले आणि आपल्या खुटबावच्या हिंदीत पाहुण्यांना म्हणाले, "साब, सफेद के अंदर सात कलर रहता. उस में पिवळा भी रहता. वो अंदर का पिवळा बाहर के पिवळे को हाक मारता. भाई है ना उसका. भाई ने बुलाया तो आमटी जाएगाच. ये लडका बेचारा बीच में आया."

पाहुणे आधी एकमेकांकडं बघत राहिले, मग पोट धरून हसले, आणि दुपारभर दर माणसाला तेच सांगत फिरले. माझ्या चुकीची त्यांच्यासाठी एक मजेदार गोष्ट झाली होती. मी वॉशबेसिनपाशी तोंडावर पाणी मारत होतो तर मामा शेजारी येऊन उभे राहिले आणि आरशात माझ्या कानांकडं बघत म्हणाले, "लाज गरम असती. गरम वस्तू वर जाती. वर गेली की टाळूचं हाड आडवं येतं, मग कानातनं निघती. जाऊ दे निघून, दाबू नको."

पुष्कळ दिवस मला वाटायचं की हा माणूस नुसता गमतीखातर बोलतो. तसं नव्हतं, हे मला लाल ट्रेपाशी कळलं.

आमच्याकडं रोज सकाळी आदल्या दिवशीचा बिघडलेला माल लाल ट्रेमध्ये घालून टेबलावर मांडतात. ज्याच्या हातून तो बिघडला त्यानं ट्रेशेजारी उभं राहायचं. समोर फळा असतो आणि त्यावर एकाखाली एक पाच चौकटी. प्रत्येक चौकटीत आधीच 'का?' छापलेलं. माल बिघडला, का? तर अमुक झालं म्हणून. अमुक का झालं? तमुकमुळं. असं पाच वेळा खणत जायचं, म्हणजे तळाशी मूळ कारण सापडतं. ते चारांपैकी एक असतं: मशीन, माल, पद्धत किंवा माणूस. ही पद्धत कुठल्याशा दूरदेशातून आली म्हणतात. तिकडं तिचं उत्तर काय येतं कोण जाणे, आमच्याकडं बहुतेक 'माणूस' येतं, कारण मशीनला बोलावून ट्रेशेजारी उभं करता येत नाही. आणि ठेक्यावरच्या माणसाच्या नावापुढं हा शब्द फार वेळा आला, की एके सकाळी ठेकेदार त्याला बसमध्ये चढूच देत नाही.

वरवंडची प्रज्ञा सोनवणे अशीच ठेक्यावर होती. मामांच्या हाताखाली प्रेस चालवायची. बोलायला फटकळ, हाताला चपळ. बाहेरून बी.ए. करत होती. "बी.ए. झालं की तुमच्या शास्त्राच्या चुका काढते," असं मामांना तोंडावर सांगायची, आणि मामा म्हणायचे, "बी.ए.ला शास्त्र नसतं, म्हणून तर मी निवांत हाय." भीमजयंतीच्या दुसऱ्या दिवशी ती कामावर आली ती मिरवणुकीत नाचून, डोळ्याला डोळा न लागता. त्या दिवशी तिच्या प्रेसखालून निघालेले तुकडे असे वाकडेतिकडे होते की ते मुद्दाम काढायचे म्हटले तरी जमले नसते. पुढच्या सकाळी ट्रे शिगोशीग भरलेला, शेजारी प्रज्ञा मान खाली घालून, आणि समोर प्लँटचे मोठे साहेब हातात मार्कर घेऊन. याआधी तिच्या नावावर 'माणूस' येऊन गेलेलं होतं.

"तुकडे वाकले. का?" साहेबांनी विचारलं.

मामांनी माझा शर्ट ओढून चष्मा पुसला.

"साहेब, साधं हाय. पत्रा आपल्याकडं गुंडाळीनं येतो. जनमभर गोल ऱ्हायलेला. आपण त्याला सरळ करतो, पण त्याच्या मनात गोलच असतं. चैताचा उष्मा वाढला की त्याला माघारची आठवण येती, आन् तो वळतो."

"म्हणजे पत्र्याला माहेरची आठवण आली?"

"व्हय साहेब. वरनं दाब, खालनं दाब. सासुरवास हाये की हितं."

साहेबांना हसू आवरेना. साहेबांना ते खोटं आहे हे कळत होतं, मामांना ते साहेबांना कळतंय हे कळत होतं, आणि तरी साहेबांनी पाचव्या चौकटीत 'माल' लिहिलं आणि ट्रे उचलायला सांगितला. हसलेल्या माणसाला लगेच कुणाची नोकरी घ्यायला जमत नाही, हे मामांचं खरं शास्त्र होतं. ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

बाहेर आल्यावर प्रज्ञानं विचारलं, "मामा, पत्र्याला आठवण येती व्हय?"

"डुलकी आली म्हणून लिवायला सांगू का?"

"नको. आठवणच बरी हाय."

इथवरचं मी लग्नाकार्यात, मित्रांत, कुठंही रंगवून सांगतो. लोक हसतात. पुढचं मी सांगत नाही. मामांबद्दल लिहायचं तर ते टाळून चालणार नाही, म्हणून लिहितो.

प्रेसला दोन बटणं असतात, डावीकडं एक, उजवीकडं एक. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो. उगाच नाही केलेलं ते. प्रेस खाली येताना दोन्ही हात बटणांवर, म्हणजे बाहेर राहावेत यासाठी केलेलं. पण त्यानं काम हळू होतं. महिनाअखेर आली, माल कमी पडायला लागला, की एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवायचं, म्हणजे ऑपरेटरला एका हातानं बटण दाबून दुसऱ्या हातानं पत्रा सरकवता येतो. हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि कुणी पाहिलेलं नसायचं.

त्या मे महिन्याच्या शेवटीही साहेब प्रेस शॉपमध्ये आले, मामांच्या कानाशी काही बोलले आणि निघून गेले. मामा थोडा वेळ तिथंच उभे राहिले. मग चिकटपट्टीची गुंडाळी घेऊन प्रज्ञाच्या प्रेसपाशी गेले. मी तिथंच होतो. सकाळी प्रत्येक प्रेस तपासायचा आणि ठीक आहे म्हणायचं, हेच माझं काम होतं.

"मामा, हे कशाला?" प्रज्ञानं विचारलं.

मामांनी चष्मा काढला. पुसायला आजही माझाच शर्ट.

"साधं हाय. दोन्ही हात एकदम चालवले की रक्त दोन्हीकडं वाटलं जातं, मेंदूला कमी पडतं. एक हात मोकळा ठेवला की डोकं चालतं. तुझी परीक्षा हाय ना जवळ?"

आणि मी, मला कुणी विचारलेलं नसताना, म्हणालो, "म्हणून तर टाळ्या वाजवताना माणूस येडा दिसतो."

प्रज्ञा खळखळून हसली. मामा हसले नाहीत, पण त्यांनी माझ्याकडं बघून एकदा मान हलवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मला दाद दिली होती. मी खूश होऊन पुढच्या प्रेसकडं गेलो. जेवताना ते वाक्य मी आणखी दोघांना ऐकवलं.

जेवणानंतर प्रेस शॉपची धडधड एका लयीत लागली होती. मग लय चुकली. एका प्रेसचा आवाज आला नाही आणि त्या जागी माणसाचा आला.

डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट, मुळापासून. मामांनी आपला शर्ट काढून तिच्या हाताला गुंडाळला आणि तसेच बनियनवर तिच्याबरोबर शिरूरला दवाखान्यात गेले. गाडी गेटबाहेर पडायच्या आत त्या बटणावरची चिकटपट्टी नाहीशी झाली होती. साहेबांनी नुसतं बघितलं होतं. तोंडानं काही म्हणालेसुद्धा नव्हते. ती कुणी काढली हे मला माहीत आहे, कारण तिचा गोंद संध्याकाळपर्यंत माझ्या अंगठ्याला लागत होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. अपघाताची कारणं वर पाठवायची होती. साहेब दमलेले दिसत होते, आवाज मऊ होता. म्हणाले, "तुझी भाषा चांगली आहे. मामांच्या धर्तीवर काहीतरी शास्त्रीय लिही ना. त्यांची सुपरवायझर म्हणून सही लागेल. त्यांच्याच पद्धतीचं असलं म्हणजे त्यांना जड जाणार नाही."

मी लिहिलं. ते अजून मला पाठ आहे: 'हवेतील आर्द्रतेमुळे बटणाच्या संपर्कबिंदूंवर बाष्पाचा सूक्ष्म थर साचून बटण क्षणमात्र दाबलेल्या अवस्थेत राहिले. ऑपरेटरने त्याची वेळीच दखल घेतली नाही. मूळ कारण: माणूस.' बाहेर डांबर वितळत होतं आणि मी आर्द्रता लिहिली. लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचलं आणि, आता हे कसं सांगू, मला ते आवडलं.

त्या शेवटच्या शब्दावर प्रज्ञाचं सगळं अडकलेलं होतं. तिथं 'माणूस' राहिलं तर चूक तिची. मग उपचार तिचे तिनं बघायचे आणि ठेकेदारानं दुसरी मुलगी आणायची. तो शब्द बदलला तर तिला परत घेणं भाग होतं. हे प्रेस शॉपमधल्या प्रत्येकाला कळत होतं. मलाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगला ट्रे नव्हता. नुसतं टेबल होतं आणि माझा कागद. मामा सरळ दवाखान्यातून आले होते, अंगात कुणाचा तरी सैल शर्ट. त्यांनी कागद उचलला. चष्मा पुसला नाही. सगळं वाचलं.

"कुणी लिवलं?"

मी हात वर केला, पण पुरता नाही. बसमध्ये दांडी धरावी तसा.

ते माझ्याकडं आले. मला वाटलं मारतील, आणि मारावं असंही वाटलं. त्यांनी नेहमीसारखं कानाशी तोंड आणलं.

"चांगलं लिवलंस रे. माझ्या वरताण झालं. मला असं कवाच जमलं नसतं."

त्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो केव्हाच पचवला असता. ते खरंच म्हणत होते.

मग त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि मार्कर घेतला.

"मामा, रिपोर्ट तयार आहे," साहेब म्हणाले. "फक्त सही."

"व्हय साहेब. फळा तेवढा कोरा ऱ्हायलाय."

त्यांचं अक्षर मोठं आणि वाकडं होतं. फळ्यावर त्यांना लिहिताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. ते नेहमी बोलायचे आणि दुसरं कुणी लिहायचं. त्यांनी पहिल्या चौकटीत लिहिलं, बोट प्रेसखाली गेलं. दुसरीत, एका हातानं प्रेस चालत होता. तिसरीत, दुसरं बटण चिकटपट्टीनं दाबलेलं होतं. चौथीत, मी दाबलं होतं.

पाचव्या चौकटीपाशी ते थांबले. साहेब पुढं सरकून हळू म्हणाले, "मामा, विचार करा. इतक्या वर्षांची नोकरी आहे."

"तुमचं नाव मी लिवलं न्हाई साहेब. लिवणार बी न्हाई. मी काय केलं तेवढंच लिवतोय."

आणि पाचव्या चौकटीत लिहिलं, 'न्हाई म्हणायची लाज वाटली.' जसं बोलायचे तसंच. खाली मूळ कारण म्हणून 'माणूस' लिहिलं, त्यापुढं स्वतःचं पूर्ण नाव, आणि मार्करला टोपण लावून तो साहेबांच्या हातात दिला.

कुणी फळा पुसायच्या आत मागच्या रांगेतले मोबाईल वर झाले होते. त्यामुळं माझा कागद फाडावा लागला. वर पाठवायला फळ्याचं इंग्रजी करायचं कामही माझ्याकडंच आलं. चार चौकटी मी सरळ उतरवल्या. पाचवीला अडलो. शेवटी 'उत्पादनाचा ताण' अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द लिहिले. लाज या शब्दाला त्या कागदात जागा सापडली नाही, असं मी माझं मीच ठरवून टाकलं.

प्रज्ञाचे उपचार कंपनीनं केले आणि तिला परत घेतलं, ठेक्यावर नव्हे, कंपनीच्या हजेरीवर. आता ती तपासणीच्या टेबलावर बसते. मामांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. त्यांना कुणी जा म्हणालं नाही आणि थांबाही म्हणालं नाही. नारळ नाही, शाल नाही. बसमधली त्यांची सीट काही दिवस रिकामी ठेवली, मग तिथं कुणी तरी बसायला लागलं. न्हावऱ्याच्या अलीकडं आम्ही अजून उडतो.

मामांची खबर अधूनमधून लागायची. ऊस बघतात, देवळात बसत नाहीत, कुणात मिसळत नाहीत. प्रज्ञाच्या घरी ते एकदाही गेले नाहीत. ती कामावरून यायच्या वेळेला चौफुल्याला यायचंच टाळतात, असं त्यांच्या गावचा एक जण म्हणाला. वाटेत बस दिसली तर मोटारसायकल उसाच्या बांधाला घालतात. प्रज्ञाच्या कानावर हे गेलं तेव्हा ती म्हणाली, "माझं बोट गेलं, आन् तोंड ह्यांनी लपवलंय."

मध्यंतरी एका संध्याकाळी बसचं चाक बसलं आणि आम्ही चौफुल्याला नेहमीपेक्षा बऱ्याच उशिरा उतरलो. चहाच्या टपरीसमोर मामा उभे होते. मोटारसायकलला मागं ठिबकच्या नळीचं वेटोळं बांधलेलं, हातात किल्ली. केस पांढरे झाले होते. त्यांनी आधी मला पाहिलं, मग माझ्या मागं तिला, आणि किल्ली लावायला वळले.

"मामा, पळू नका. नळी सुटंल," प्रज्ञा म्हणाली.

ते थांबले. ती टेबलाशी बसली, त्यांच्यासाठी बाकडं ओढलं आणि तीन चहा सांगितले. मामा बसले, पण सगळा वेळ हायवेकडं बघत. मी दोघांच्या मध्ये बसलो आणि बोलायला काहीतरी हवं म्हणून उसाचा भाव विचारला.

प्रज्ञानं ओढणीखालचा डावा हात काढला आणि टेबलावर पालथा ठेवला. मामांनी डोळे मिटले.

"मामा, एक शास्त्र विचारायचंय."

"शास्त्र सुटलं बाई माझं."

"ऐकून तर घ्या. हे बोट हाय का? न्हाई. मग ते खाजतं कसं? रोज संध्याकाळी खाजतं. खाजवाया जावं तर तिथं काय न्हाईच. डाक्टर म्हणले, असं होतं. असं होतं, हे काय उत्तर झालं का?"

याचं उत्तर मला माहीत होतं. मी मोबाईलवर कधीच वाचून ठेवलेलं होतं. मज्जातंतू, मेंदू, सगळं. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

मामांचा चष्म्याकडं हात गेला आणि तसाच खाली आला. ते तिच्या हाताकडं बघायला लागले. त्या दुपारनंतर पहिल्यांदाच बघत असावेत. मग विचारलं, "कुठं खाजतंय?"

"इथं." तिनं उजव्या हातानं टेबलावरची जागा दाखवली, बोट असतं तर जिथं आलं असतं तिथली.

मामांनी आपलं बोट पुढं केलं आणि त्या जागेवर, टेबलाच्या पत्र्यावर, नखानं हळूहळू खाजवायला सुरुवात केली.

"जरा अलीकडं," ती म्हणाली.

त्यांनी बोट अलीकडं घेतलं.

"हां. तिथंच."

चहावाला तीन कप घेऊन येऊन उभा राहिला. ठेवायला जागा करा म्हणून माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला हातानंच थांब म्हणालो.